वाटसरूचे पान

॥ श्रीसोमजाई प्रसन्न ॥

बोरीचा कोंड, ता. माणगाव
रामनवमी, दि. ६ एप्रिल २०२५

चि. प्रणाली हिस धर्मामामाचे अनेक उत्तम आशीर्वाद.

ज्या जगन्माउलीने मातीला अंकुर दिला आणि माणसाला वाणी दिली, तिने माझ्या हातून संतापाच्या भरात असत्य अक्षर उतरू देऊ नये, एवढे मागून मग विषयाला हात घालतो. संताप मात्र तिने काढून घेऊ नये. तो मला सध्या हवा आहे.

दुसऱ्या महायुद्धात आपल्या कोंडातून जे पलटणीत गेले आणि परत आले नाहीत, त्यांच्या नावांचा दगड देवळापुढे उभारण्याचे मुंबई मंडळाने ठरविले आहे. स्तुत्य गोष्ट. परवा यादी वाचली गेली. तीत माझे काका, म्हणजे माझे वडील गुणाजी यांचे थोरले बंधू सदू शिगवण, यांचे नाव नाही. मी उभा राहून कारण विचारले. मंडळाचा अध्यक्ष हर्षद हा माझा विद्यार्थी. मी त्याला नववीत संस्कृत शिकविले, आणि त्याला त्यातले काय आले हे त्याच्या उत्तरावरून कळले. तो म्हणाला, "गुरुजी, माझे आजोबा लढून आले, त्यांचं पेन्शन आलं. गेलेल्यांच्या घरीही आलं. तुमच्या घरी आलेलं कोणी पाहिलंय? सदूबाबांचं नाव निघालं की जुनी माणसं खाली बघायची. बूट टाकून पळालेल्याला पण शहीद म्हणायचं का?"

सभेत दोघे-तिघे हसले. मी ब्याऐंशीव्या वर्षी सभामंडपातून पाय आपटीत बाहेर आलो. देवीसमोर असे वागणे योग्य नव्हे, पण पाय माझ्या आज्ञेत नव्हते.

ज्याने देशाच्या सीमेपलीकडे देह ठेवला त्याला पळपुटा म्हणणे हे ब्रह्महत्येच्या पंक्तीला बसणारे पाप आहे असे माझे मत आहे. पण मत म्हणजे पुरावा नव्हे. तू अलिबागच्या न्यायालयात वकिली करतेस, कचेऱ्यांच्या पायऱ्या तुला ठाऊक आहेत. पलटणीच्या दफ्तरात काकांच्या पेन्शनची काही नोंद असेल तर ती मिळव. ते तुझ्या बायजाआजीचे सख्खे थोरले भाऊ, म्हणजे अर्जासाठी नातेही जवळचे आहे. आजीला, म्हणजे माझ्या बायजाआत्याला, विचारून काही उपयोग नाही. सदूकाकांचे नाव काढले की ती सुपारी सोलायला घेते आणि बहिरी होते.

फोन करू नकोस. माझ्या कानांना आता त्यात नुसती समुद्राची गाज ऐकू येते. पत्र लिही.

तुझा,
धर्मामामा

०

अलिबाग
२ मे २०२५

ती. स्व. धर्मामामांस सा. न. वि. वि.

कामाची गोष्ट आधी लिहिते. सदूआजोबा पळालेले नाहीत.

आजीच्या नावाने अर्ज केला होता. पलटणीच्या दफ्तरातून जुन्या पेन्शन-कागदांची नक्कल आली. १९४० साली भरती, १९४२ च्या अखेरीस एकदा घरी रजा, मग जहाजाने इजिप्त आणि तिथून इटली. डिसेंबर १९४४ मध्ये एका नदीच्या काठी तोफगोळा लागून मृत्यू. तिथेच दफन आहे, कबरीला क्रमांक आहे. पळून गेलेल्याची कबर सरकार क्रमांक देऊन सांभाळत नाही, हे हर्षदरावांना माझ्या वतीने सांगा.

पेन्शनही मंजूर झाले होते. १९४५ पासून जुलै १९८७ पर्यंत, म्हणजे पत्नीच्या निधनापर्यंत, ते पत्नीला मिळत होते. पत्नीचे नाव नकलेत पुसट आले आहे, अक्षर लागत नाही. स्वच्छ नक्कल मागवते.

मामा, मृत्यूच्या नोंदीचा कागद सोबत जोडला आहे. मंडळासाठी एवढा पुरे. बाकी आपण प्रत्यक्ष भेटीत बोलू. सुटीत मी येते.

आपली,
प्रणाली

०

बोरीचा कोंड
८ मे २०२५

चि. प्रणाली हिस आशीर्वाद.

तुझे पत्र वाचून प्रथम देवीपुढे नारळ वाढविला. मग ते दुसऱ्यांदा वाचले, आणि जो अग्नी विझला असे वाटले होते तो दुप्पट पेटला.

पत्नी? कोणाची पत्नी? सदूकाकांचे लग्न झाल्याचे या घरात कोणी कधी उच्चारले नाही. ना वडिलांनी, ना आईने, ना शेजाऱ्यापाजाऱ्यांनी. ते अविवाहित गेले. मी दरवर्षी पितृपक्षात काकांच्या ओळीत त्यांना तिलोदक देतो ते त्यांच्यामागे कोणी नाही म्हणूनच. मग ही पत्नी म्हणविणारी बाई उपटली कोठून? मुंबईची असेल, छावणीभोवतीची असेल, कोणी अंगठा उमटवून आणि साक्षीदार उभे करून एका वीराच्या रक्ताचा घास बेचाळीस वर्षे गिळला, आणि इकडे त्याच वीराला गाव पळपुटा म्हणत राहिले, कारण त्याच्या घरी पेन्शन आले नाही! कसे येईल? ते तिच्या ताटात पडत होते.

तू लिहितेस, ती जुलै १९८७ मध्ये मेली. त्याच महिन्यात माझ्या मातोश्री गेल्या. थोड्या दिवसांच्या आगेमागे देवाने साध्वीलाही नेले आणि चोरटीलाही. त्याच्या दारी तराजू आहे की नाही, असा प्रश्न मी आज पूजेत त्याला विचारला.

मी हे सोडणार नाही. स्वच्छ नक्कल आली की त्या बाईचे नाव मला कळव. माणगावच्या पोलीस ठाण्यात मी तक्रार देणार आहे. मेलेल्यांवर गुन्हा चालत नाही हे मला ठाऊक आहे, पण नाव तरी कागदावर चढेल. शिवाय गणपतीला सगळे मुंबईकर गावी येतात तेव्हा मंडळाची मोठी सभा होते. त्या सभेत मी तिचे नाव मोठ्याने वाचणार. ज्या कानांनी 'पळपुटा' ऐकले त्यांनी हेही ऐकावे.

धर्मामामा

०

अलिबाग
१६ मे २०२५

ती. स्व. धर्मामामांस सा. न. वि. वि.

कृपा करून तक्रार करू नका. सभेत काही वाचू नका. हे पत्र घरात एकटे बसून वाचा.

नाव पुसट नव्हते. मी खोटे लिहिले. तुमच्यासमोर बसून सांगायचे होते, म्हणून वेळ काढत होते. आता तुम्ही पोलीस ठाण्यात निघालात, तेव्हा कागदात आहे ते जसेच्या तसे उतरवते:

"पत्नी सखुबाई, वय अठरा. पुत्र धर्मा, जन्म १९४३, वडिलांच्या रजेनंतर. १९४६ साली विधवेने मयताचा सख्खा धाकटा भाऊ गुणाजी याच्याशी पाट लावला. मयताच्या भावाशीच पुनर्विवाह झाला असल्याने पेन्शन नियमाप्रमाणे चालू ठेवावे."

पुढची मनीऑर्डर माझ्या आजीच्या सासरी, दिवेआगरच्या पत्त्यावर जात होती.

यापेक्षा अधिक काय लिहावे ते मला सुचत नाही. मी कागद दहा वेळा तपासला. गाव, तालुका, आजोबांच्या वडिलांचे नाव, सगळे जुळते.

आपली,
प्रणाली

०

(पोस्टकार्ड)

बोरीचा कोंड, २२ मे

प्रणाली,
नक्कल दुसऱ्या कोणा शिगवणांची आहे. आमच्या कुळात पाट कधी लागला नाही. माझ्या मातोश्रींचे नाव तसल्या वाक्यात लिहिण्याचा अधिकार तुला कोणी दिला? पत्रव्यवहार येथे थांबवावा.
धर्मा गुणाजी शिगवण

०

दिवेआगर
६ जुलै २०२५

ती. स्व. धर्मामामांस,

पत्रव्यवहार थांबवा म्हणालात. दीड महिना थांबवला. आता लिहिते आहे, कारण तुमचे पोस्टकार्ड मी काल इथे आजीला वाचून दाखवले, आणि तिने जे सांगितले ते तुमच्यापर्यंत पोचवण्याची तिची आज्ञा आहे. ती ब्याण्णव वर्षांची आहे. मी तिची आज्ञा मोडणार नाही, तुम्ही तुमचे बघा.

ती पडवीत सुपारी सोलत होती. पलीकडे माझ्या सख्ख्या मामाच्या होमस्टेतले पाहुणे भाकरीचे फोटो काढत होते. पोस्टकार्ड ऐकून ती म्हणाली, "परत वाच." परत वाचले. मग तिने हातातली सुपारी खाली ठेवली.

"त्याला म्हनावं, मास्तरा, तुजी आई माजी वैनी व्हती. तू तिच्या पोटात व्हतास तवापासनं मी तिला वळखते. तू मला तिची वळख करून देतोस व्हय?"

मी म्हटले, आजी, नीट सांग.

"नीट काय सांगू? तार आली. वैनी अठराची, पोर मांडीवर. तिचा बाप तिला न्यायाला आला. ती म्हनली, पोर हितलं हाय, मी कुटं जाऊ? दीड-दोन वरसं तशीच काडली. मग गावकी बसली. गुनाजीदादाला इचारलं. त्यो मान वर करीना. मग म्हनला, 'भावाची माती माज्या हाताला लागली न्हाय, भावाचं पोर तरी लागू द्या.' पाट लागला. आन तवाच गावकीनं इडा उचलला, या पोरापुढं सदूचं नाव काडायचं न्हाय. त्याला कोनी बिनबापाचा म्हनायचं न्हाय. आमची म्हातारी आय मेली ती नाव गिळून मेली. मीबी आजपातुर गिळलं."

"आणि मनीऑर्डर तुझ्याकडे का?"

"पोस्टमन दारात हुभा ऱ्हाऊन मोठ्यानं वाची, 'मयत सदू शिगवण यांची विधवा हजर हाय का?' आन ह्यो वट्यावर पाटी गिरवीत बसलेला. माजं लगीन झालं तशी वैनीनं माजा पत्ता दिला. ह्याची पाटशाळा कुटनं झाली म्हनावं? गुनाजीदादाच्या नाचणीतनं?" मग पुन्हा सुपारी हातात घेत म्हणाली, "पितरपाखात गुनाजीदादा एक पान येगलं वाढून घ्यायचा आन एकलाच खळ्यावर जायचा. त्याला म्हनावं, आठवतं का बघ."

मामा, हे आजीचे झाले. आता माझे. मला अधिकार कोणी दिला असे विचारलेत. तुम्हीच दिलात, रामनवमीला, आशीर्वादासकट. सदूआजोबांबद्दल कोणी काही बोलत नाही म्हणून गावाने त्यांना पळपुटे ठरवले याचा तुम्हाला राग आला. पण कोणी काही बोलत नाही म्हणून तुम्हीही त्यांना अविवाहित ठरवलेत. मला दोन्हींत फार फरक दिसत नाही.

आपली,
प्रणाली

०

बोरीचा कोंड
१० ऑगस्ट २०२५

चि. प्रणाली हिस धर्मामामाचे आशीर्वाद.

माझे मे महिन्यातले पत्र जाळून टाक. त्यात मी माझ्या आईला चोरटी म्हटले आहे.

लावणी आटोपेपर्यंत मी कोणाशी बोललो नाही. शेतावरच्या बायका म्हणाल्या, गुरुजींनी मौन धरले. त्यांना तो चातुर्मासाचा नेम वाटला.

ते पान मला आठवते. मी सात-आठ वर्षांचा असेन. वडील केळीच्या पानावर भात, वडे, खीर, सगळे घेऊन खळ्याकडे निघाले. मी मागे धावलो आणि विचारले, "बाबा, हे पान कोणाचं?" ते थांबले. माझ्याकडे बघितले नाही. म्हणाले, "वाटसरूचं." मी फार वर्षे खळ्याच्या वाटेवर त्या वाटसरूची वाट पाहिली. पुढे शास्त्र वाचले तेव्हा हा अतिथिधर्माचा काही स्थानिक प्रकार असावा अशी मी मनाची समजूत घातली. केवढा विद्वान मी!

तू लिहिलेस ते खरे आहे, म्हणून कडू आहे. पण माझा संताप ओसरला असे समजू नकोस. त्याला आता खरे धनी सापडले आहेत. ज्यांनी तो विडा उचलला त्यांचा हेतू निर्मळ होता, हे मी मानतो. आई, बाबा, आत्या, सारी गावकी, सगळ्यांनी माझ्यावर छत्र धरले. पण त्या छत्राखाली कोण भिजत राहिला? मला कोणी पोरका म्हणू नये म्हणून त्यांनी माझ्या बापाला निपुत्रिक केले. एका पोराला अपशब्द लागू नये यासाठी जे मौन धरले, ते धरणारे संपल्यावर त्याच मौनाला गावाने शिवीचा अर्थ लावला. आणि त्याचा मुलगा, वेदशास्त्राची पोथी मांडीवर घेऊन बसलेला, दरवर्षी त्याला काकांच्या ओळीत पाण्याचे चार थेंब देत राहिला. त्या नदीकाठी पडलेल्या मनुष्याने आपले मूल डोळ्यांनी पाहिले नव्हते. मुलानेही त्याला पाहू नये अशी तजवीज इतक्या प्रेमळ माणसांनी मिळून करावी, हे मला सहन होत नाही.

आणि ही लाज आमच्यात शिरली कोठून? देवराशी, म्हणजे दिराशी, विवाह ही गोष्ट स्मृतिकारांना ठाऊक नव्हती काय? त्यांनी त्यावर वाद घातले, निंदा केली, मुभा दिली, नियम केले, पण लपविली नाही. आम्ही कुणबी माणसांनी उजळ माथ्याने पाट लावले, कारण विधवेला आणि तिच्या पोराला टाकून द्यायचे नाही एवढे आम्हांला कळत होते. मग शहाणपण शिकलो, सोवळे शिकलो, आणि आमच्या आज्यांच्या मांडवांवर पडदा टाकला. 'आमच्या कुळात पाट लागला नाही' हे वाक्य मी तुला पोस्टकार्डावर लिहिले, उघड्या पोस्टकार्डावर, पोस्टमनने वाचावे म्हणून. माझ्या आईने पोस्टमनपासून जे झाकले, ते किती वेगळ्या कारणाने झाकले होते!

बाबांवर मला रागावता येत नाही. चार दिवस प्रयत्न केला. शाळेच्या दाखल्यावर, सातबाऱ्यावर, माझ्या प्रत्येक सहीत ते माझ्या मध्यभागी बसलेले आहेत.

सभा गौरी-गणपतीत आहे. मला साक्षांकित नक्कल पाठव. पूर्ण पाठव, कोठेही पुसट नसलेली.

धर्मामामा

०

अलिबाग
२० ऑगस्ट २०२५

ती. स्व. धर्मामामांस सा. न. वि. वि.

साक्षांकित नक्कल सोबत आहे. सगळी पाने आहेत.

एक गोष्ट आधीच कळवते. मृत्यूच्या नोंदीचा कागद मंडळाला मिळाला आहे, आणि हर्षदरावांचा मला फोन आला. दगडावर प्रत्येक शिपायाच्या नावापुढे, दरवर्षी तिथे दिवा लावणाऱ्या वारसाचे नाव आणि नाते कोरायचे ठरले आहे. ते म्हणाले, "मॅडम, सदूबाबांचं नाव ओके आहे. बाकीचं पण माझ्या कानावर आलंय, दिवेआगरला आमचा पाहुणा आहे. गुरुजींना सांगा, नात्यात 'पुतणे' टाकतो. चुकीचं काहीच नाही, आणि त्यांची इज्जत राहील. सप्त्यात पोथी सांगणारा माणूस आहे, लोक काय बोलतील?"

मी म्हटले, उत्तर मामाच देतील. ते उत्तर माझे नव्हे. तुम्ही 'पुतणे' म्हणालात तरी मी तुमचा एका शब्दाने अपमान करणार नाही. आजी मात्र करील.

सभा झाली की पाथरवटाकडे मजकूर जाणार आहे. त्यानंतर बदल होणार नाही.

आपली,
प्रणाली

०

॥ श्रीसोमजाई प्रसन्न ॥

बोरीचा कोंड
२२ सप्टेंबर २०२५

चि. प्रणाली हिस धर्मामामाचे अनेक उत्तम आशीर्वाद. बायजाआत्यास साष्टांग नमस्कार. हे पत्र तिला वाचून दाखव, आणि ऐकू येत नसल्याचा बहाणा तिने केला तर पुन्हा वाच.

सभा गौरींच्या सणात, सभामंडपात भरली. मुंबईकर, गावकर, बायका, सगळे. हर्षदने यादी वाचली आणि सदू शिगवण या नावाशी येऊन तो थांबला. मोठ्या मायेने म्हणाला, "गुरुजी, नाव फायनल आहे. नात्याच्या जागी 'पुतणे धर्मा' टाकतो. मातोश्रींचा विषय चारचौघांत नको. इज्जतीचा प्रश्न आहे."

"कोणाच्या इज्जतीचा?"

"तुमच्याच."

मी उभा राहिलो. काठी घेतली नाही. म्हणालो, "माझी इज्जत मी सांभाळीन. माझी आई सखुबाई ही सदू शिगवणांची लग्नाची बायको. मी त्यांचा मुलगा. ते लढाईत पडले आणि त्यांच्या धाकट्या भावाने, गुणाजीने, माझ्या आईशी पाट लावून मला वाढविले. ही कागदाची नक्कल. एप्रिलमध्ये याच जागी माझ्या बापाला पळपुटा म्हटले गेले, तेव्हा कोणाला इज्जत आठवली नाही. आज माझ्या आईने लग्न केले म्हणताना ती आठवते? मरणाऱ्याला पळपुटा म्हणायला ज्यांची जीभ अडखळत नाही, त्यांनी जगविणाऱ्या लग्नाला पाट म्हणताना आवाज खाली करू नये!"

हर्षद म्हणाला, "गुरुजी, तसं नाय, पण लोकांना..."

तेवढ्यात बायकांतून कोकिळा उठली. ही हर्षदची चुलत आजी, पंच्याऐंशीची असेल, दात दोन आणि आवाज शंखाचा. "ए हर्षद्या, खाली बस. लोकांचं काय सांगतोस? तुजी आजी काय पालखीतनं आली व्हती? तिचाबी पाटच लागला तुज्या पलटणवाल्या आजोबाशी, आन त्योबी आमच्या वट्यावर. गूळखोबरं मी सवता खाल्लंय!"

कोणी तरी फिस्सकन हसले. मागून एक जण म्हणाला, "आमच्या पणजीचा पन व्हता." दुसरी म्हणाली, "आमच्यात दोन." मग एकच गलका झाला. प्रत्येकाला आपल्या घरची आजी आठवू लागली, आणि ज्यांच्याकडे कोणी निघेना ते ओशाळल्यासारखे बसले. कोकिळा ओरडली, "मग येवढी वर्सं सगळ्यांनी तोंडात काय धरलं व्हतं, मशेरी?" हर्षदसुद्धा हसला. त्याने 'पळपुटा' हा शब्द परत घेतला नाही, नुसता गिळला. कोंडात गिळण्याची विद्या जुनी आहे.

शेवटी तो म्हणाला, "बरं, 'पुत्र' टाकतो. पण मग नाव काय लिहू? धर्मा सदू शिगवण?"

हा प्रश्न मी स्वतःला महिनाभर विचारला होता. मी म्हणालो, "धर्मा गुणाजी शिगवण."

"गुरुजी, वाचणारा गोंधळेल. वर बाप सदू, खाली मुलाच्या नावात गुणाजी. लोक विचारतील."

"विचारू देत," मी म्हणालो. "न विचारल्यामुळेच इतकी वर्षे गेली."

तसे ठरले. पाथरवटाने काल दगड आणून दाखविला. 'शिपाई सदू शिगवण, इटली, १९४४. पत्नी सखुबाई. पुत्र धर्मा गुणाजी.' अक्षरे जरा वाकडी आली आहेत. मी त्याला ती सरळ करू दिली नाहीत, कारण छिन्नीचे काम आहे, एखादे नाव जायचे.

काल सर्वपित्री होती. नदीवर माणगावचे भटजी आले होते. तर्पणाला बसताना त्यांनी विचारले, "गुरुजी, पित्याच्या जागी कोणाचे नाव?" त्यांच्याही कानावर गेले होते. मी म्हणालो, दोघांचे. ते घुटमळले. तेव्हा मला पुन्हा राग आला, आणि यापुढे तो कोणावर येईलसे वाटत नाही, म्हणून पुरता काढला. म्हटले, "दोन पित्यांचा पुत्र ही कल्पना शास्त्रांना नवी नाही. द्व्यामुष्यायण म्हणतात त्याला. त्याने दोघांनाही पिंड द्यावा, दोघांचेही ऋण फेडावे असे सांगितले आहे. माझे प्रकरण अगदी त्यात बसत नसेल तर शास्त्राने जरा सरकून जागा करावी. माझ्या बाबांनी केली होती." भटजी हसले आणि पळी माझ्या हाती दिली.

आधी बाबांना दिले. तो मार्ग हाताला सवयीचा आहे. मग दुसरी ओंजळ भरली. मंत्रातला पितृशब्द मी हजार वेळा उच्चारला असेन, पण त्यापुढे 'सदू' म्हणायचे होते, आणि जीभ वळेना. पाणी बोटांतून गळू लागले. पुन्हा भरले. मग संस्कृत सोडून दिले, आणि ज्या हाकेचा दुसरा धनी माझ्या जन्मापासून परदेशी होता, ती हाक मारली. बाबा, म्हणालो. पाणी घ्या.

पलीकडे बाया कपडे धूत होत्या. त्यांनी वळून पाहिले. पाहोत.

प्रणाली, तू मला खोटे लिहिलेस तेही दयेने आणि खरे लिहिलेस तेही धाडसाने. दोन्ही मी तुझ्या बाजूला जमा धरतो. दिवाळीनंतर दगड उभा राहील तेव्हा ये. आत्याला गाडीत घालून आण.

आता ज्या कृपेने ही लेखणी उचलली तिलाच शेवटचे मागणे. हे पत्र ज्याच्या ज्याच्या हाती जाईल, त्याच्या घरातल्या न घेतलेल्या नावांना वाणी मिळो. ज्यांनी पोटच्यासारखे वाढविले त्यांना मान मिळो, आणि दूरच्या मातीत जे पडले त्यांना आपल्या माणसाच्या हातचे पाणी मिळो. वाचणाऱ्याचे, ऐकणाऱ्याचे आणि त्याच्या लेकराबाळांचे निरंतर कल्याण असो.

तुझा,
धर्मामामा